गाठीची बाटली

गाठ मला सापडली नाही, हेल्मेटच्या पट्ट्याला सापडली. घणसोलीच्या सिग्नलला थांबलो होतो. डाव्या जबड्याखाली काहीतरी रुतायला लागलं म्हणून पट्टा सैल केला, तर रुतणं थांबलं पण जागा फुगलेलीच राहिली. बोराएवढी, हलणारी, न दुखणारी. न दुखणाऱ्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायची मला जुनी सवय आहे. पुढचा महिनाभर मी पट्टा सैल ठेवून गाडी चालवली.

हे लिहायला बसलोय त्याची दोन कारणं आहेत. घाबरलेल्या दिवसांत मी असंच काहीतरी शोधत होतो, यातून गेलेल्या माणसाने साध्या भाषेत लिहिलेलं. जे सापडलं ते एकतर डॉक्टरांसाठी होतं, नाहीतर सगळं देवावर सोडा म्हणणारं. दुसरं कारण शेवटी सांगतो. त्याला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

आम्ही इथलेच

मी हेमंत, वय छत्तीस. महापेला एका रंगाच्या कंपनीत तपासणी विभागात काम करतो. कारखान्यातून आलेल्या मालाचा प्रत्येक नमुना माझ्या टेबलावरून जातो. सील तुटलंय, लेबल तिरकं आहे, झाकणाची पट्टी बदललेली दिसतेय, की नमुना परत. आतला रंग कितीही चांगला असो. ऑफिसात यावरून मला खडूस म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

बायको रूपाली साताऱ्याची, शाळेत शिकवते. मुलगी ओवी सहा वर्षांची. आम्ही तिघं खारघरला फ्लॅटमध्ये राहतो. आई मात्र तळवलीचं घर सोडायला तयार नाही. नवी मुंबईत जो भेटेल तो विचारतो, मूळचे कुठले? लोक जळगाव सांगतात, कोल्हापूर सांगतात. मी तळवली म्हणालो की समोरचा म्हणतो, ते कळलं हो, पण मूळचे? तळवलीच. आमचे आजे-पणजे खाडीत जाळी टाकायचे. शहर नंतर आलं, आमच्या दारात.

वडील जाऊन आठ वर्षं झाली. आई तीस वर्षं बाजारात मासळी विकत आली आहे. डोळे मिटून कल्ल्याला बोट लावेल आणि मासा आजचा की कालचा ते सांगेल. तिच्या पाटीतला बर्फ कधी पाणी झालेला मी पाहिला नाही. मासळीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही, आणि इतर बाबतीतही फारसं नाही.

मोठ्या पेशी

कोपरखैरण्याला आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. त्यांनी गाठीत सुई घालून चार थेंब काढले. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती: अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी दिसतात, पूर्ण गाठ काढून तपासावी.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर एक मोठा गोल काढला, त्यात बरेच ठिपके दिले. "टीबीच्या जंतूशी लढताना शरीरातल्या राखणदार पेशी एकमेकींत मिसळून अशी एक मोठी पेशी होते." मग शेजारी दुसरा गोल काढला, त्यात दोनच मोठे ठिपके. "आणि हा लिम्फोमा. एक प्रकारचा कॅन्सर. यात एक पांढरी पेशी बिघडते, दोन व्हायला जाते पण पुरती वेगळी होत नाही. दोन-तीन केंद्रकं पोटात घेऊन तशीच फुगते. चित्रात फरक सोपा वाटतो. सुईतून आलेल्या थेंबांत दोघी एकमेकींसारख्या दिसू शकतात."

"मग ओळखायचं कसं?"

"ती मुळात कुठल्या पेशीपासून झाली हे शोधायचं. त्यासाठी अख्खी गाठ हवी."

माझ्या पेशीलाही कुणीतरी मूळचे कुठले विचारणार म्हणून मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. घरी येईपर्यंत मला टीबी व्हावा असा नवस मी मनातल्या मनात बोलून टाकला होता. एका गोलात सहा-आठ महिने गोळ्या होत्या, दुसऱ्यात काय होतं ते मला विचारायचंही नव्हतं.

शनिवार ते सोमवार

गाठ एका छोट्या नर्सिंग होममध्ये शनिवारी काढली. भूल फक्त मानेपुरती होती, त्यामुळे कात्रीचा आवाज ऐकू येत होता. रूपालीच्या शाळेत पालकसभा होती, म्हणून बरोबर आई होती. बाहेर आलो तर आईच्या हातात प्लास्टिकची लहान बाटली. आत स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात तळाला माझी गाठ, करवंदाएवढी. एवढ्याशा गोष्टीने माझा जीव टांगला होता.

"ही वाशीच्या लॅबला पोचवा," सिस्टर म्हणाल्या.

लॅबला फोन केला तर ती दुपारीच बंद झालेली. रविवारची सुट्टी.

"मग सोमवारी द्या. औषधात आहे, काही होत नाही."

मी आईकडेच तळवलीला गेलो. वेदनाशामक गोळी घेतली आणि ते दोन दिवस जवळजवळ झोपूनच काढले. आई कपाळावर हात ठेवून जायची तेवढं आठवतं. सोमवारी सकाळी तिने बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी फडकं काढलं, सवयीने बाटली फिरवून पाहिली आणि बॅगेत ठेवली.

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "फॉर्मालिनमध्येच आहे ना? नर्सिंग होममधून आलंय तसंच?"

"हो," मी म्हणालो आणि सही केली.

नारिंगी दिवस

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. पेशी नीट टिकलेल्या नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आहेत. विशेष रंगचाचण्या निगेटिव्ह. पेशींचं मूळ निश्चित सांगता येत नाही. टीबीची शक्यता नाकारता येत नाही.

त्या शेवटच्या वाक्याला मी मिठी मारली. डॉक्टरही म्हणाले, आपल्याकडे मानेत गाठ आली की पहिला संशय टीबीचाच, उपचार सुरू करून बघू. मी येताना पेढे घेऊन आलो. टीबी झाला म्हणून पेढे वाटणारा तळवलीच्या इतिहासात मी पहिलाच असेन.

गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी नारिंगी व्हायला लागली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये भिंतीला धरून उभा राहिलो. रूपालीने माझा पेला, ताट, टॉवेल वेगळा केला. गाठीचा टीबी असा पसरत नाही हे तिला डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं. ती मान डोलवायची आणि घरी आल्यावर पेला वेगळाच ठेवायची. ओवी माझ्या मांडीवर यायला निघाली की तिला अभ्यास आठवायचा. मी चिडायचो, बोलायचो नाही. आज कळतं की ती मला घाबरत नव्हती, ओवीसाठी घाबरत होती. तेव्हा मला दोन्ही सारखंच वाटायचं.

आई दर दोन दिवसांनी निवट्यांचं कालवण डब्यात घेऊन यायची. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. आजाऱ्याच्या अंगात ताकद येते असं आमच्याकडे मानतात. मी खायचो, पण ताकद येत नव्हती. पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. अंगाला खाज सुटायची, बनियन घामाने भिजायचं, आणि दोन महिन्यांनी गळ्याच्या हाडावर दुसरी गाठ आली.

त्याच सुमारास एकदा डबा ओट्यावर ठेवता ठेवता आईने विचारलं, "हेम्या, ती गाठ तपासनारे चुकले असतील तर?"

"आये, तू तुझी मासळी बघ," मी म्हणालो. "ते शिकलेले लोक आहेत."

तिने कालवण पातेल्यात काढलं. डबा धुऊन घेऊन गेली. नंतर आठवडाभर ती आलीच नाही.

मॅडम

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं रूपालीने ठरवलं. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांना काय वाटेल? ती म्हणाली, वाटू दे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काढलेली गाठ टाकून देत नाहीत, मेणाच्या छोट्या चौकोनात जपून ठेवतात, आणि ती मागून घेता येते. मी वाशीहून तो मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या घेऊन आलो आणि नेरूळच्या एका मोठ्या रुग्णालयात दिल्या. आपलंच मांस पाकिटात घालून रिक्षाने नेताना माणसाला कसं वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही.

चार दिवसांनी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बोलावलं. ही माणसं सहसा पेशंटला दिसत नाहीत, म्हणून निरोप आला तेव्हाच मी रूपालीला शाळेतून रजा घ्यायला सांगितलं. मी, रूपाली आणि आई तिघंही गेलो. आईला कुणी बोलावलं नव्हतं. ती बसने येऊन दारात उभी होती.

मॅडम पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. म्हणाल्या, "प्रत्येक जातीच्या पेशीवर तिची स्वतःची खूण असते. त्या खुणेला चिकटणारं एक द्रव्य आम्ही टाकतो. खूण असली की तपकिरी रंग येतो. तुमच्या मोठ्या पेशींवर कुठलाच रंग आलेला नाही."

"म्हणजे कॅन्सर नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"तसं म्हणता आलं असतं. पण शेजारच्या साध्या, निरोगी पेशींवर तरी रंग यायलाच हवा होता. तिथेही नाही. म्हणून मला विचारायचंय, गाठ काढल्यावर ती कशात ठेवली होती?"

"नर्सिंग होमने दिली तशीच..."

"मी पानी बदलला," आई म्हणाली.

आईने पदर बोटाला गुंडाळला होता. मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बाय, आमच्या बाजारात बाहेरून मासली येते, तिला लोक हा औषध मारतात. आठ दिस झाले तरी डोले चकचकीत. एकदा एक बाई माज्या पाटीवर वरडली व्हती, चार मानसांत, तुजी मासली औषधाची हाय म्हनून. माजी तसली नव्हती. तवापासना तो वास मी लांबून वलखतंय. त्या शनवारी सिस्टर बोलली, औषधात हाय, काय व्हत नाय. घरी झाकन उघडला, तर तोच वास. मना वाटला, माज्या पोराचा मास, त्याला कशाला हा औषध? मी ता वतून टाकला. नलाखाली चांगला धुतला. बाजारातला बरफ भरला. दोन दिसांत चार येला बरफ बदलला मी."

शेवटचं वाक्य तिने जरा मान वर करून सांगितलं. निदान बर्फाच्या बाबतीत तरी हलगर्जी झालेली नाही, हे तिला सांगायचं होतं.

रूपाली उठून बाहेर गेली.

मॅडम रागावतील असं मला वाटलं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास आईपुढे सरकवला. "आई, तुमचं नाक बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "तेच औषध आहे ते. खायच्या मासळीला लावणं पापच. पण ही गाठ खायची नव्हती, बघायची होती. त्या औषधाने पेशी जिथल्या तिथे थांबतात. साध्या पाण्यात त्या फुगतात, फुटतात, खुणा पुसल्या जातात. तुम्ही आज सांगितलंत हे फार बरं केलंत. नाहीतर हे सगळे निगेटिव्ह कुणीतरी खरे धरून बसलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेशीने नाही म्हटलेलं नाही. तिला विचारताच आलेलं नाही. हाडावरची दुसरी गाठ काढू, परत विचारू."

दुसरी बाटली

परतीच्या रिक्षात रूपाली एकच वाक्य बोलली. "दोन महिने गेले, आई." आई बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. मी मधे बसलो होतो आणि मीही काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याबद्दल मला आणखी लिहायचं आहे, पण ते पुढे.

दुसरी गाठ त्याच रुग्णालयात काढली. लॅब तळमजल्यावर होती. सिस्टर बाटली घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, नातेवाइकांपैकी कुणीतरी खाली नेऊन द्या. रूपालीने हात पुढे केला. आई बाकावरून अर्धी उठली होती, ती परत बसली.

मी स्ट्रेचरवरून म्हणालो, "आईकडे द्या."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय काय होतं ते मला सगळं समजलं. पण तिने हात मागे घेतला. आईने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि निघाली. रूपाली तिच्या मागोमाग गेली, लक्ष ठेवायला. तिने नंतर सांगितलं, लिफ्टमध्ये आईने बाटली छातीपासून लांब, हात ताठ करून धरली होती. झाकण घट्ट होतं, वास येणं शक्यच नव्हतं, तरी आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रूपालीने तिला रुमाल दिला नाही. हेही तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटत होतं.

ताजे डोळे

या वेळी पाच दिवसांत उत्तर आलं. मॅडमकडे दोन माणसांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. "बघणार का?" त्यांनी विचारलं. मी डोळा लावला. निळसर, बारीक पेशींची गर्दी आणि मधोमध ती. बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठी, आत दोन गोल केंद्रकं, प्रत्येकात एक ठसठशीत ठिपका. डोळे वटारून माझ्याकडेच बघत होती. दुसऱ्या काचेवर तिच्याभोवती फिकं पण स्पष्ट तपकिरी कडं उमटलं होतं.

"ही राखणदारांतून आलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "ही बी जातीच्या पांढऱ्या पेशीतून आलेली आहे. तिचं काम जंतूंविरुद्ध हत्यारं तयार करायचं. ते तिला जमलं नाही. अशा पेशीने आपणहून मरायचं असतं, ही मेली नाही. तिचे बरेचसे जातीचे गुणही तिने टाकून दिलेत, म्हणून ओळखायला अवघड. पण एक खूण राहिली, फिकी का होईना. हा हॉजकिन लिम्फोमा आहे, हेमंत. टीबी नाही."

माझे कान बंद झाल्यासारखे झाले. मॅडमचे ओठ हलत होते. हा बरा होणाऱ्यांतला आहे, उपचार ठरलेला आहे, असं त्या सांगत होत्या, ते रूपालीने मला घरी जाऊन परत सांगितलं. मला तेव्हा फक्त ओवीची शाळेची बॅग दिसत होती, जी मी सकाळी दुरुस्त करून देतो म्हणालो होतो आणि विसरलो होतो.

"मी बगू?" आईने विचारलं.

मॅडमनी तिला खुर्ची दिली. आई बराच वेळ डोळा लावून बसली. तिचं तोंड हललं, मग ती म्हणाली, "डोले बगा. ताजे हायत."

मॅडम हसल्या. मग मी हसलो. इतक्या वाईट बातमीनंतर माणूस हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. रूपाली मात्र हसली नाही.

सात नंबरची खुर्ची

पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी केमो. सकाळी आठला रक्त द्यायचं, दहापर्यंत रिपोर्ट, मग आरामखुर्ची. मला बहुतेक वेळा सात नंबरची मिळायची, खिडकीजवळची. चार औषधं एकामागून एक. त्यातलं एक लालभडक, सरबतासारखं. टीबीच्या गोळीने नारिंगी, याने लाल. मी रंगाच्या कंपनीतला माणूस, म्हटलं आता एकदा निळाही होऊन जाऊ दे. शेवटचं औषध काळ्या पिशवीत झाकून यायचं, त्याला उजेड चालत नाही. ते शिरेतून जाताना हात जळायचा. एक सिस्टर न सांगता गरम टॉवेल आणून हातावर ठेवायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही याची आता लाज वाटते.

केस गेले. ओवीने विचारलं, डोक्यावर चित्र काढू का? मी हो म्हटलं. तिने स्केचपेनने मासा काढला. आता तिला मांडीवर बसायला कुणी अडवत नव्हतं. वेगळा पेला रूपालीने एक दिवस बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला.

मला मासळीचा वास सोसेना. हे आईला सांगायचं कसं ते कळत नव्हतं. पण ती यायची तेव्हा लिंबू लावून आंघोळ करून यायची, आणि डब्यात मुगाची खिचडी असायची. मला वाटलं किती समजूतदार. मग कळलं की ती बाजारातच जात नाही. तिने आपली जागा शेजारणीला दिली होती. तीस वर्षांत वडील गेले तेव्हा तेरा दिवस सोडले तर ती कधी घरी बसली नव्हती.

"माजा नाक बिगाडला," एवढंच ती म्हणाली.

रूपाली तिच्याशी बोलायची ते माझ्यामार्फत. आईंना सांग, औषधं वरच्या कप्प्यात आहेत. आईंना विचार, जेवल्या का. दोघी एकाच खोलीत असायच्या. मी दोघींचे निरोप दोघींना देत असे आणि हात जळतोय असं म्हणून डोळे मिटून घेत असे.

जे यातून जात आहेत त्यांना

फार काही सांगायचं नाही. बाटली हातात आली तर आत काय आहे ते विचारा आणि जशीच्या तशी पोचवा. लॅब बंद असेल तर दुसरी शोधा. मेणाचा ठोकळा तुमचा आहे, दुसरं मत घेताना लाजू नका. आणि काही चुकलं असेल, सांडलं असेल, बदललं असेल, तर सांगा. डॉक्टर चिडले तरी सांगा. आईने सांगितलं म्हणून मी आज हे लिहितोय. तिने ते पोटात ठेवलं असतं तर मी आणखी सहा महिने टीबीच्या गोळ्या गिळत बसलो असतो, आणि ती पेशी वाढत राहिली असती.

आता ते दुसरं कारण.

पट्टी

उपचार संपून महिना झाल्यावर स्कॅन झाला. गाठी गेल्या होत्या. पुढची काही वर्षं तपासण्या चालू राहतील, पण डॉक्टर म्हणाले, कामावर जा. त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी आम्ही तळवलीला जेवायला गेलो. ओवी जेवून बाहेर खेळायला पळाली. आई, रूपाली आणि मी पानावरच होतो. रूपाली मला म्हणाली, "आईंना विचार, आमटी हवी का."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी पाणी प्यायलो आणि बोलायला लागलो.

त्या सोमवारी मी बाटली फिरवून पाहिली होती. नर्सिंग होममध्ये झाकणावर पांढरी पट्टी होती. आता तिथे खाकी चिकटपट्टी होती, आई मासळीच्या पुड्यांना लावते तसली. शनिवारी झाकण बंद असतानाही नाकाला झोंबणारा वास होता, सोमवारी काहीच नव्हता. माझ्या टेबलावर असा नमुना आला असता तर मी तो उघडलाही नसता, परत पाठवला असता. लॅबच्या मुलीने विचारलं, तसंच आहे ना? मी हो म्हटलं. मला घाई होती. मला उत्तर हवं होतं, आणि पुन्हा मान कापून घ्यायची नव्हती. आईने काहीतरी केलंय हे मला कळलं होतं. काय केलं ते विचारलं असतं तर त्याच दिवशी सगळं समजलं असतं. मॅडमच्या खोलीत आईने कबूल केलं तेव्हाही मी गप्प बसलो. दोन महिने वाया गेल्याचा सगळा दोष तिच्या एकटीच्या डोक्यावर राहू दिला, तो आतापर्यंत.

मी हे सगळं रूपालीकडे बघून सांगितलं. आईकडे बघायची हिंमत नव्हती.

"मना म्हाईत हाय," आई म्हणाली.

मी वर पाहिलं.

"मी तुला बगला व्हता ना. पट्टीवरून बोट फिरवलास तू. मना वाटला, आता इचारशील. तुजा कामच ता. तू बगलास नि गप रायलास. तवा मना वाटला, मी केला ता बराबर हाय."

मी विचारलं, "मग मॅडमसमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू आजारी व्हतास," ती म्हणाली. ताटातला भात तिने बोटांनी एका बाजूला केला. "आनि तुजी बायको बाजूला बसलेली."

रूपाली माझ्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आमटीचं पातेलं घेतलं आणि आईच्या भातावर स्वतः वाढली. मला वाढलं नाही. मग परत जागेवर बसून म्हणाली, "आई, ओवीला बोंबील खायचेत. बाजारातले दुसऱ्या कुणाचे मला कळत नाहीत. तुम्ही उद्या आणाल का?"

"उद्या सोमवार हाय," आई म्हणाली. "परवा आनीन."

मंगळवारी ती सकाळी सहाला बर्फ आणायला गेली.